पारंबी लागेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना वड आहे. किती जुना, ते विचारू नका. ज्या खोडातून मी पहिल्यांदा वर आलो, ते खोडसुद्धा आता राहिलेले नाही. आतून पोकळ होत होत ते एका पावसाळ्यात शांतपणे खाली बसले. तिथे आता एक खळगा आहे आणि पोरे त्यात लपाछपी खेळतात. तरी मी उभा आहे. माझ्या पारंब्या जमिनीत उतरल्या, त्यांचे खांब झाले आणि त्या खांबांनी माझा भार उचलला. वाटसरू विचारतात, यातले खरे खोड कोणते? मला अजून नीट सांगता आलेले नाही. आज ज्याने मला धरून ठेवले आहे ते खरे, एवढेच म्हणतो.

दर्यापूरहून अंजनगावकडे जाताना एका फाट्यावर उतरून आत वळले, की कपाशीच्या वावरांमध्ये एक लहान गाव लागते. गावाच्या शेवटी शाळा आहे आणि शाळेच्या पुढे मी. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला अशा भेगा पडतात, की पोरांची लेखणी आत पडली तर पुढच्या पिढीलाच सापडायची.

आधी शाळा म्हणजे माझी सावलीच होती. भिंती फार उशिरा आल्या. माझ्या आठवणीतला पहिला गुरू म्हणजे एक आंधळा गोसावी. तो कुठून आला, कोणालाच ठाऊक नव्हते. माझ्या मुळाशी एक सपाट काळा दगड आहे, त्यावर बसून तो पोरांना अक्षरे आणि पाढे शिकवायचा. पोरांनी धुळीत काढलेले अक्षर तो बोटाने चाचपून तपासायचा. चुकलेले असले तर तळहाताने पुसायचा आणि म्हणायचा, "पुन्हा काढ बाप्पा. माती काई संपत नाई."

एकदा त्याच्या हाताला माझी एक कोवळी पारंबी लागली. त्याने ती वरपासून खालपर्यंत चाचपली. ती जमिनीपासून उंच, वाऱ्यावर हलत होती. मग त्याने आपल्या हुशार चेल्याला, केशवला, जवळ बोलावले. "तुले माह्या जागी बसाचं हाय न? मंग आधी हिले जमिनीवर आन. हे लागेपर्यंत दगडावर बसाचं नाई. उभ्यानं शिकवाचं."

तेव्हापासून माझ्या सावलीत हा रिवाज पडला. बांबू उभा चिरायचा, आतल्या गाठी फोडायच्या, त्यात काळी माती आणि मुरलेले शेणखत भरायचे. पारंबीचे टोक त्या मातीत सोडायचे, बांबू पुन्हा बांधायचा, वरून ओले गोणपाट गुंडाळायचे आणि त्याचे खालचे तोंड जमिनीत रोवायचे. पाणी मात्र गोडेच हवे. विहिरीचे खारे पाणी दिले, की टोक काळे पडते. म्हणून घरोघरच्या तांब्यात उरलेले पिण्याचे पाणी माझ्या बांबूत यायचे. पारंबी आपल्या चालीने उतरते. तिला ओढून लवकर आणता येत नाही.

केशवने वाट पाहिली. त्याचा केशवराव गुरुजी झाला, आणि त्याची पारंबी आज दोन माणसांच्या कवेत मावत नाही. पुढे त्यांनी आपल्या एका विद्यार्थ्याला बांबू दिला. तो होता अब्दुल गफ्फार, गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याचा मुलगा. तो नोकरीला लागून याच शाळेवर आला आणि रोज उभ्याने शिकवू लागला. एक दिवस वैतागून म्हणाला, "गुरुजी, मी पोट्ट्याइले शिकवू का या मुळीले पानी पाजू?"

केशवराव सुपारी कातरत होते. वर न पाहता म्हणाले, "एका मुळीची वाट पाहाले जीवावर येते, त मठ्ठ पोट्ट्याची कशी पाहशीन?"

गफ्फार तांब्या उचलून बांबूकडे गेला.

त्याची पारंबी लागली तो दिवस मला लख्ख आठवतो. तिला धरून त्याने अंगाचा सगळा भार टाकला. ती हलली नाही. तेव्हा केशवराव दगडावरून उठले, धोतर सावरून पोरांच्या ओळीत शेवटी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "घे हजेरी." गफ्फारने सगळ्यांची नावे घेतली. शेवटी केशवरावांचे नाव घ्यायला त्याची जीभ रेटेना. पण गुरुजी वाट पाहत बसले. अखेर त्याने नाव घेतले, आणि म्हातारा पोरांसारखा हात वर करून म्हणाला, "हजर."

गावातले कोणीतरी हसले. "गुरू जवान अन् चेला म्हातारा, हे कोनतं शास्त्र?"

"वडाखालचं," केशवराव म्हणाले. "जुन्या गोष्टीत बी वडाखाली बसलेला गुरू जवानच हाय. पिकल्या दाढीचे त चेले हायत."

मित्रांनो, असे माझे खांब वाढले. गोसाव्याचे आणि केशवरावांचे रक्ताचे नाते नव्हते. केशवरावांचे आणि गफ्फारचेही नव्हते. माझ्या पारंब्यासुद्धा एकमेकींसारख्या दिसत नाहीत. पण वर, पानांच्या आत, त्या एकाच फांदीला जाऊन मिळतात.

गफ्फार मास्तर निवृत्त होऊन मुलाकडे अकोटला राहायला गेले आणि माझे दिवस बदलले. नंतरचे शिक्षक वाईट नव्हते. ते दूरच्या शहरांतून यायचे, भिंतींच्या आत शिकवायचे आणि बस धरून परत जायचे. त्यांना माझा रिवाज कोणी सांगितलाच नव्हता, तर दोष कोणाचा? काळ्या दगडावर खिचडीचे पातेले ठेवू लागले. पारंब्यांना पोरे लोंबकळली, काही तुटल्या, काही बायकांनी सरपणाला नेल्या. झाडाला बोलता येत नाही, आणि म्हाताऱ्याचे बोलणे तसेही कोण ऐकतो?

मग तहरीम आली.

ती गफ्फार मास्तरांच्या शेवटच्या वर्गातली; माझा रिवाज तिने त्यांच्याकडून ऐकला होता. लहानपणी दोन वेण्या घालून पहिल्या ओळीत बसायची आणि उत्तर येत असले तरी हात अर्धाच वर करायची. तीच आता शिक्षिका होऊन आपल्या गावच्या शाळेवर आली. पहिल्या दिवशी तिने दगडावरचे पातेले उचलून बाजूला ठेवले. दगड धुतला. ओढणीने पुसला. आणि त्याच्या शेजारी उभी राहून शिकवू लागली.

"बाई, बसा न," पोरे म्हणाली.

"माझी पारंबी लागायची आहे अजून," ती म्हणाली.

तिने मास्तरांना फोन करून सगळे विचारून घेतले आणि माझ्या पूर्वेकडच्या लांब फांदीवरची एक पारंबी निवडली. ही फांदी दगडावरून पुढे थेट शाळेच्या ओट्यापर्यंत गेलेली. तिच्याखाली एकही खांब नव्हता. बांबू बांधला, गोणपाट गुंडाळले. आता घरोघर तांबे नसतात, पोरांच्या गळ्यात बाटल्या असतात. शाळा सुटली की ओळीने येऊन बाटलीत उरलेले पाणी बांबूत ओतायचे, असे तिने ठरवून दिले. समोरच्या घरातली मैनाबाई दारात तांदूळ निवडता निवडता हे रोज पाहायची.

"तहरीम," एकदा तिने हाक मारली, "उभी राहून राहून तुह्याच पायाले पारंब्या फुटतीन व."

"फुटल्या त बरंच हाय मैनाकाकू, बांबूचा तरास वाचन."

मैनाबाई हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या घरचेही पाणी येऊ लागले.

एका वैशाखात मोठी वावटळ आली आणि त्या लांब फांदीच्या बगलेत चीर पडली. चीर मला दुखली नाही, पण फांदी खाली झुकली. सरपंच खुशालराव येऊन बराच वेळ मान वर करून पाहत राहिले.

"हे पाय तहरीम, माहं काई झाडाशी वैर नाई," ते म्हणाले. "पन फांदी लेकराइच्या डोक्यावर आली त जबाब कोन देईन? तोडा लागते."

"काका, हा एक पावसाळा द्या. पारंबी हातभरच राहिली आहे. ती लागली की फांदीला खांब मिळेल. तोवर मी पोरांना दुसऱ्या अंगाला बसवते."

"अन् नाई लागली त?"

तहरीमने बांबूवर हात ठेवला. "मग तोडा. मी आडवी येणार नाही."

खुशालरावांनी पावसाळा दिला; त्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. पण फांदी गेली असती तर तिची पारंबी गेली असती, दगडावरची सावली गेली असती, आणि ज्या रांगेत तिला उभे राहायचे होते ती रांग तिच्या आधीच तुटली असती. हे तिने कोणाला सांगितले नाही. मला मात्र कळत होते, कारण रोज पोरे गेल्यावर ती बांबूला कपाळ टेकून उभी राहायची.

आषाढ लागला. गावातल्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवले, की गुरुपौर्णिमेला गफ्फार मास्तरांचा सत्कार करायचा. सगळ्यात पुढे होता किशोर. लग्नाकार्याला मंडप घालणे हा त्याचा धंदा. मास्तरांनी त्याला चौथीत पुन्हा पुन्हा बसवून, पण न मारता, वाचायला शिकवले होते. तो म्हणाला, "मंडप माह्याकडून. खुर्ची बी अशी आनतो, नवरदेवाले बी भेटत नाई अशी."

गुरुपौर्णिमेच्या सकाळी तहरीम मास्तरांना आणायला फाट्यावर गेली. इकडे किशोर आणि त्याची माणसे माझ्या सावलीत झालर लावत होती. सगळे झाले, भोंगा तेवढा उंच टांगायचा राहिला, आणि एक बांबू कमी पडला. किशोरने इकडेतिकडे पाहिले. माझ्या फांदीला टेकवून कोणीतरी एक बांबू ठेवला होता. त्यावर जुने गोणपाट गुंडाळलेले. त्याला वाटले, मागच्या कार्यक्रमाचा राहिलेला असेल.

मैनाबाई आत पोळ्या करत होती. पोरे अजून आली नव्हती, आणि तिथल्या बाकी कोणाला या बांबूचे माहीत नव्हते. दोघांनी बांबू हलवला, तो निघेना. तिघांनी जोर लावला. आत बारीकसा आवाज झाला, ओली दोरी तुटावी तसा.

मित्रांनो, माझ्या अंगावरून खूप कुऱ्हाडी गेल्या आहेत. तेव्हा मी कधी दचकलो नव्हतो. त्या दिवशी वारा नसताना माझी पाने हलली.

मास्तर जीपमधून उतरले. हातात काठी, डोक्यावर पांढरी टोपी, गुडघे थकलेले. भोंग्यावर सनई वाजत होती. किशोर धावत जाऊन पाया पडला आणि त्याने लाल मखमलीच्या खुर्चीकडे हात केला. मास्तरांचे लक्ष खुर्चीकडे नव्हते. ते तहरीमकडे पाहत होते, आणि तहरीम फांदीकडे. फांदीवरून पारंबीचा तुटका तुकडा लोंबत होता. त्यातून चीक ठिबकत होता.

"सनई बंद कर," मास्तर म्हणाले.

ती बंद झाल्यावर सगळ्यांना कळले की काहीतरी बिघडले आहे.

"हा बांबू कोनं काढला?"

किशोर पुढे झाला. "मी सर. रिकामा होता."

"रिकामा असता त एवढा जड लागला असता काय?"

"जड लागला खरा," किशोर म्हणाला. "आमाले वाटलं, पावसाचं पानी प्यायला असन." मग त्याने बांबूच्या चिरेतून बाहेर आलेले पांढरे मूळ पाहिले. तो खाली बसला. "सर, मले काय माहीत, बांबूत झाड असते म्हून."

तहरीम रडली नाही. ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. चार माणसांनी मास्तरांना मंचावर नेले, खुर्ची पुढे सरकवली. त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात धरला, पण बसले नाहीत.

"सर, बसा. पाय दुखतीन," खुशालराव म्हणाले.

"माही पोरगी उभी हाय. तिची पारंबी लागली नाई, त माही गादी पुढं गेली नाई. मी कसा बसू?"

त्यांनी रिवाज सांगितला. आंधळ्या गोसाव्यापासून सांगितला. खाली बसलेली माणसे ऐकता ऐकता एकेक करून उठली. कोणी सांगितले नव्हते. शेवटी मंडपात फक्त लेकुरवाळ्या बायका आणि म्हातारी माणसे बसलेली राहिली. शाल घेऊन आलेली बाई तशीच उभी.

"शाल चांगली हाय," मास्तर तिला म्हणाले, "पन आता गोनपाट पाह्यजे."

किशोर पळाला. गोणपाट आले, गोठ्यातून शेणखत आले, मैनाबाईच्या माठातले पाणी आले. मास्तर शिडीवर चढू शकत नव्हते. ते खालून सांगत राहिले आणि तहरीम वर चढून तुटलेल्या टोकाला ओल्या मातीची मोट बांधत राहिली. घाईत मातीचा एक गोळा तिच्या हातून निसटून खाली पडला. "सावकास," मास्तर म्हणाले. "माती काई संपत नाई."

हे वाक्य मी किती वर्षांनी ऐकले.

"ते ठीक हाय मास्तर," खुशालराव म्हणाले, "पन फांदीचं काय? पुढच्या वादळाले थे थांबन काय?"

"खुशाल, पाढे आले नाई की तू कोन्या फांदीवर चढून बसत होता?"

खुशालरावांनी टोपी काढून डोके खाजवले. मंडपात हसू पिकले. "हेच हाय थे," ते म्हणाले.

"तुह्या गोठ्याची मेढ कुठी हाय आता?"

खुशालरावांनी गोठ्यावर टिन टाकले होते आणि जुनी मेढ, म्हणजे वर दोन फाट्यांचे बेळके असलेला बाभळीचा खांब, मागच्या अंगणात पडून होती. ती बैलगाडीवर घालून आणली. फांदी त्या बेळक्यात बसवली. खुशालरावांनी खांब हलवून पाहिला, मग म्हणाले, "चाला. पन पारंबी लागेपर्यंत एक बी लेकरू इकडं बसन नाई. हे माही अट."

"नाही बसणार," तहरीम म्हणाली.

सत्कार तसाच राहिला. मास्तरांनी उभ्यानेच जेवण केले आणि संध्याकाळच्या बसने परत गेले.

तुटलेल्या जागेतून मी काय करणार होतो, हे मलाही ठाऊक नव्हते. म्हातारपणी आपलेच अंग आपल्याला सांगून वागत नाही. पण श्रावणाच्या शेवटी गोणपाट जरा फुगले. तहरीमने हळूच उघडून पाहिले, तर एका मुळीच्या जागी कोवळ्या मुळ्यांचा जुडगा फुटला होता.

"एकीच्या चार झाल्या व," मैनाबाई म्हणाली.

किशोरने नवा, जाडजूड बांबू आणला. त्यावर त्याने स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहिले, 'हा बांबू रिकामा नाही.' अक्षरे वाकडी आली, पण शुद्धलेखन बरोबर होते. उन्हाळ्यात गावाचे नळ आटले, तेव्हा तो आपल्या मंडपाच्या गाडीतून गोड्या पाण्याचे कॅन आणायचा. पोरे बाटल्या घेऊन ओळीने येतच राहिली. काही पोरे चौथी होऊन गेली, त्यांच्या जागी धाकटी आली. चार मुळ्या बांबूत एकमेकींना बिलगल्या आणि एक होऊन खाली उतरल्या. तहरीम उभीच होती.

आणि यंदा, पोळा होऊन गेल्यावर, त्या जमिनीला लागल्या. थोडी थंडी पडू दिली आणि मग बांबू सोडला. मास्तर अकोटहून आले. आता काठीबरोबर एका माणसाचा हातही लागत होता. तहरीमने पारंबी धरून सगळा भार टाकला. हलली नाही. तिने वळून पाहिले. मास्तर पुढे आले, काठी बाजूला ठेवली आणि पाठ टेकून, डोळे मिटून, तिच्यावर रेलले. फार वेळ तसेच राहिले. माझ्या त्या कोवळ्या खांबाने एका म्हाताऱ्याचे वजन पहिल्यांदा उचलले.

"बस, बेटा," ते म्हणाले.

ती दगडावर बसली. इतकी वर्षे उभे राहिलेले पाय कसे ठेवावे, हे तिला समजेना. पोरे हसली. मास्तरांना दोघांनी धरून पोरांच्या ओळीत शेवटी बसवले. खुशालराव जाऊन त्यांच्या शेजारी बसले आणि किशोर त्यांच्या मागे.

तहरीमने हजेरी घेतली. शेवटच्या मुलाचे नाव झाले. ती थांबली.

"घे न," मास्तर म्हणाले. "लेट झालो काय?"

"अब्दुल गफ्फार," ती म्हणाली.

त्यांनी हात वर केला. खांद्यापर्यंतच जात होता, पण केला.

"हाजिर."

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच आहे. मला धागे गुंडाळा, दिवे लावा, पाया पडा, मला बरे वाटते. पण माझ्या पारंबीला खाली यायला जागा ठेवा, आणि उरलेले घोटभर गोडे पाणी तिला द्या. कधी कुठल्या जुन्या वडाला टेकवलेला बांबू दिसला आणि तुम्हाला नेमकी त्याचीच गरज असली, तर उपटण्याआधी जरा हलवून पाहा. जड लागला तर सोडून द्या. आत कोणीतरी जमिनीकडे निघालेले असते.